बुडालेलं जहाज आधी बाहेरून पाहा

पत्र: स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स होऊन आठ महिने झाले. आजवर १२ डायव्ह झाले आहेत, सगळ्यांत खोल गेलो तो १८ मीटर. मित्रांचा एक गट तांबड्या समुद्रात थिसलगॉर्म हे बुडालेलं जहाज पाहायला निघाला आहे आणि मलाही चल म्हणतोय. त्यातला एक जण तिथे आधी जाऊन आला आहे. तो म्हणतो, वेगळा कोर्स-बिर्स काही लागत नाही. गाईडच्या मागे राहायचं, टाकीत ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरले की वर यायचं. मला जहाजाच्या आतसुद्धा जायची इच्छा आहे, पण बंद आणि अंधाऱ्या जागेची धास्ती वाटते. ही धास्ती म्हणजे मी या प्रकाराला लायक नाही असं समजायचं का? आणि आधी खर्च कशावर करू: टॉर्च, रील (आत जाताना उलगडत न्यायच्या दोरीचं चाक) की कोर्स?

उत्तर: तुमच्या धास्तीपासूनच सुरुवात करू. ती रास्त आहे, आणि मित्राच्या बिनधास्तपणापेक्षा कितीतरी जास्त कामाची आहे. ओपन वॉटर कोर्समध्ये संकटातून सुटायचे जेवढे मार्ग तुम्हाला शिकवले, ते सगळे एकच गोष्ट गृहीत धरतात: डोक्यावर मोकळं पाणी आहे. हवा संपली तर बडीचा, म्हणजे जोडीदाराचा, ऑक्टोपस (श्वास घ्यायची जादा नळी) तोंडात घ्या आणि वर चला. बडी लांब असेल तर श्वास सोडत सोडत एकट्याने वर चला. जहाजाच्या आत शिरलात की हा रस्ता बंद होतो. आधी आडवं बाहेर यायचं, वर जाण्याची गोष्ट त्यानंतर. मध्ये गढूळ पाणी, लोंबकळणाऱ्या तारा आणि एकसारखे दिसणारे चार दरवाजे असू शकतात. तुमच्या मनाने हा फरक कोर्स न करताच ओळखला आहे.

त्यामुळे लायकीचा प्रश्न तिथेच मिटतो. रात्रीचा एखादा साधा डायव्ह, उथळ ओळखीच्या जागी, चांगल्या प्रशिक्षकाबरोबर करून पाहा. अंधारात श्वास शांत राहिला तर पुढची वाट मोकळी आहे. तिथेही छाती भरून आली, श्वास उथळ झाला, तर जहाजाच्या आत जाण्याचा विचार सोडून द्या. काही बिघडत नाही. रेक डायव्हिंगमध्ये, म्हणजे बुडालेल्या जहाजांवरच्या डायव्हिंगमध्ये, पाहण्यासारखं बहुतेक सगळं बाहेरूनच दिसतं आणि जन्मभर बाहेरूनच जहाजं पाहणारे उत्तम डायव्हर भरपूर आहेत.

आता थिसलगॉर्म. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन बॉम्बफेकी विमानांनी बुडवलेलं हे ब्रिटिश मालवाहू जहाज साधारण १२८ मीटर लांब आहे आणि सुमारे ३० मीटर खोल तळावर बऱ्यापैकी सरळ उभं आहे. पुढच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या कोठारात, मोटरसायकली, ट्रक, रायफली, बूट असा लष्करी माल अजून आहे. या होल्डची तोंडं भलीमोठी आहेत, वरून उजेड पडतो, आणि म्हणून 'हे काही आत जाणं नव्हे' असं सगळ्यांना वाटतं. त्याच उजेडाच्या भरवशावर माणूस होल्डमधून शेजारच्या कप्प्यात आणि तिथून पुढच्या कप्प्यात सरकतो. शिवाय तिथे प्रवाह अनेकदा जोराचा असतो, आणि वर एकाच वेळी बऱ्याच बोटी उभ्या असतात.

तुमच्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे. या जहाजाचा मोठा भाग त्याखाली आहे. म्हणून आमचं स्पष्ट मत असं: निघण्याआधी ॲडव्हान्स्ड कोर्स पूर्ण करा, त्यातला डीप डायव्ह नीट मन लावून करा, आणि त्यानंतर २० ते २५ मीटरचे आणखी काही डायव्ह जमवा. एवढं झालं तर जा, जहाज बाहेरून मनसोक्त पाहा. या फेरीत आत जाऊ नका. हा निर्णय घरीच घ्या आणि गटाला आधीच सांगून ठेवा. दरवाजासमोर २५ मीटरवर, चार जण आत शिरत असताना, नायट्रोजनने डोकं किंचित जड झालेलं असताना घेतलेला निर्णय चांगला असण्याची शक्यता कमी.

'गाईडच्या मागे राहायचं' या सल्ल्याचं काय? चांगला गाईड जहाज ओळखतो, प्रवाह ओळखतो, त्याचं ऐकायलाच हवं. पण त्याच्या पाठीवर तुमची हवा नसते. त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा मधला कप्पा गढूळ झालेला असेल, तर तुम्ही त्याला दिसतही नाही. दुसऱ्याच्या भरवशावर आत जायचं, स्वतः एकट्याने बाहेर येता येणार नाही हे माहीत असूनही जायचं, याला अनुभवी डायव्हर 'ट्रस्ट-मी डायव्ह' म्हणतात आणि साफ नकार देतात. स्वतःला एक प्रश्न विचारा: या क्षणी गाईड नाहीसा झाला तर मी बाहेर पडू शकेन का? उत्तर 'हो' नसेल तर तुम्ही चुकीच्या जागी आहात.

आणि ते ५० बार. हा आकडा उथळ, मोकळ्या पाण्यातल्या डायव्हसाठी ठीक आहे. २५ मीटरवर तो का पुरत नाही, हे कागदावर मांडून पाहू, कारण रेक डायव्हिंगमधलं सगळ्यांत महत्त्वाचं कौशल्य ही आकडेमोडच आहे.

आधी तुमचा स्वतःचा हवेचा वापर मोजा. १० मीटरवर १० मिनिटं, नेहमीच्या वेगाने पोहा. सुरुवातीचे आणि शेवटचे बार पाटीवर लिहा. समजा १२ लिटरच्या टाकीतून ४० बार गेले. म्हणजे ४८० लिटर, मिनिटाला ४८. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणून पृष्ठभागावरचा वापर मिनिटाला २४ लिटर. नव्या डायव्हरसाठी हा आकडा अगदी सर्वसाधारण आहे. २५ मीटरवर दाब ३.५ पट. तिथे हाच माणूस मिनिटाला ८४ लिटर, म्हणजे १२ लिटरच्या टाकीतून मिनिटाला ७ बार ओढतो.

आता राखीव हवा. सगळ्यात वाईट वेळ धरा: तुम्ही सगळ्यांत खोल आहात आणि बडीची हवा त्याच क्षणी बंद पडली. दोघं एका टाकीवर, घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, मिळून ६०. तळावर सावरायला २ मिनिटं: ६० × ३.५ × २, म्हणजे ४२० लिटर. २५ वरून ५ मीटरपर्यंत सावकाश वर यायला ३ मिनिटं, सरासरी दाब २.५: ४५० लिटर. ५ मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (शरीरातला जादा नायट्रोजन निघून जावा म्हणून थांबणं): २७० लिटर. शेवटचे ५ मीटर, एक मिनिट: ७५ लिटर. बेरीज १,२१५ लिटर. १२ लिटरच्या टाकीत हे १०० बार होतात. बोटीवर बहुधा ११.१ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी मिळते. तिच्यात ११० बार धरा.

म्हणजे २०० बार घेऊन उतरलात तर तुमच्या वाट्याला खरोखर १०० बार येतात. मिनिटाला ७ प्रमाणे १४ मिनिटं, आणि त्यातच उतरण्याचा वेळ आला. हे वाचून हिरमुसू नका. वजन नीट लावलं, हात हलवणं थांबलं, फिन्सची लाथ सुधारली की हाच वापर २४ वरून १६-१८ वर येतो आणि तीच टाकी बरीच जास्त वेळ पुरते. कुठलंही सामान विकत घेऊन इतकी मिनिटं मिळत नाहीत.

आत जायचं असेल तर या वापरता येण्याजोग्या १०० बारचेही तीन भाग करायचे: एक तृतीयांश जायला, एक यायला, एक अडचणीसाठी. ३३ बार, मिनिटाला ७. पाच मिनिटंही पुरी नाहीत. एका साध्या टाकीवर २५ मीटरवर आत जाणं म्हणजे उंबरठ्यापासून काही हात आत आणि परत, हे आता तुम्हालाच दिसलं असेल. जे लांबवर आत जातात ते जोडटाक्या, दोन स्वतंत्र रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं साधन) आणि दोन मीटरच्या आसपास लांबीचा होज (हवेची नळी) वापरतात. अरुंद बोळातून दोघांना एकामागोमाग बाहेर यावं लागलं तर नेहमीचा आखूड होज पुरत नाही, त्यासाठी तो लांब होज.

नायट्रॉक्सबद्दल, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेबद्दल, अनेक जण विचारतात, म्हणून इथेच सांगतो. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्याप्रमाणे साध्या हवेवर ३० मीटरवर नो-डेको वेळ, म्हणजे वर येताना वाटेत सक्तीने थांबावं न लागता खाली राहता येईल अशी वेळ, २० मिनिटं आहे. ३२ टक्के नायट्रॉक्सवर ती सुमारे ३० होते आणि ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बार या मर्यादेनुसार ३३ मीटरपर्यंत ते चालतं. पण तुमची हवा १४ मिनिटांतच संपत असेल तर वाढीव दहा मिनिटं कोणाच्या उपयोगाची? तीन-चार दिवस रोज तीन डायव्ह करायचे असतील तेव्हा नायट्रॉक्सचा कोर्स जरूर करा. टाकीतलं मिश्रण मात्र स्वतः मोजून, स्वतःच्या हाताने टाकीवर लिहून घ्या.

हवेनंतर गाळ. जहाजाच्या आत वर्षानुवर्षं बारीक गाळ आणि गंजाची भुकटी साठलेली असते. फिन एकदा खाली लागली की काही सेकंदांत टॉर्चच्या उजेडात फक्त तपकिरी भिंत दिसते, आणि ती खाली बसायला तुमच्या टाकीतल्या हवेपेक्षा जास्त वेळ लागतो. तुमची लाथ कितीही सुबक असली तरी श्वासाचे बुडबुडे छताला धडकतात आणि तिथला गंज सुटून खाली येतो. म्हणून आत जाताना जेवढं दिसतं, तेवढं परत येताना दिसत नाही, हे धरूनच चालायचं.

याचा सराव जहाजावर करायचा नसतो. तलावात किंवा उथळ वाळूवर करा. तळापासून अर्धा मीटर वर, अंग आडवं, गुडघे वाकवून फिन्स वर, हात छातीपुढे एकमेकांत अडकवलेले. अशा अवस्थेत एक मिनिट जागचं हलायचं नाही. जमलं की तसंच तरंगत मास्क काढून पुन्हा घाला. खोली अर्ध्या मीटरपेक्षा जास्त बदलू नये. मग फ्रॉग किक (बेडकासारखी लाथ), जागच्या जागी वळणं, आणि शेवटी मागे सरकण्याची किक. ही मागची किक शिकायला सगळ्यांत अवघड, पण अरुंद जागेतून न वळता बाहेर यायला तीच लागते. पाय सारखे खाली जात असतील तर बरेचदा दोष वजनाच्या जागेचा असतो: पट्ट्यावरचं एक-दोन किलो शिसं वर टाकीच्या पट्ट्याकडे हलवून पाहा. एकूण वजन इतकंच ठेवा की ५० बार उरलेल्या टाकीनिशी, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) रिकामा असताना ५ मीटरवर थांबता यावं. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होताना हलकी होऊन वर खेचते, हे त्या हिशेबात धरा.

ज्या दिवशी वाळूवर तुमच्या मागे धुरळा उठत नाही, त्या दिवशी रेक कोर्ससाठी तुम्ही तयार झालात असं समजा.

हा कोर्स बहुतेक संस्थांमध्ये चार डायव्हच्या आसपास असतो. पाडीच्या कोर्समध्ये आधी बाहेरून जहाज तपासणं, मग नकाशा काढणं, मग बाहेरच्या बाजूने दोरी टाकण्याचा सराव, आणि परिस्थिती ठीक असेल तरच शेवटी मर्यादित प्रवेश असा क्रम आहे. प्रवेशाची मर्यादा दोन गोष्टींनी ठरते: बाहेरचा नैसर्गिक उजेड दिसत राहिला पाहिजे, आणि पृष्ठभागापासून खोली अधिक आतलं अंतर मिळून ४० मीटरच्या पुढे जायचं नाही. दरवाजा २५ मीटरवर असेल तर आत १५ मीटर, बस्स. त्यापुढे जायचं तर तांत्रिक रेक डायव्हिंगचं वेगळं, लांबलचक शिक्षण आहे. प्रशिक्षक निवडताना विचारा: दोरीचा सराव पाण्यात प्रत्यक्ष किती वेळ होणार? मास्क झाकून दोरीवरून बाहेर यायचा सराव आहे का? जहाजाभोवती चार फेऱ्या मारून कार्ड हातात देणारा कोर्स नको.

दोरीची तत्त्वं आत्ताच समजून घ्या, कारण जमिनीवर आजपासून सराव करता येतो. पहिली गाठ दरवाजाच्या बाहेर, जिथून सरळ वर जाता येतं अशा जागी. दुसरी गाठ दरवाजाजवळच, म्हणजे पहिली सुटली तरी दोरी हातात राहील. त्यानंतर प्रत्येक वळणावर कशाला तरी एक वेढा. दोरी सतत ताणलेली हवी. सैल दोरी आधी तरंगते, मग टाकीच्या व्हॉल्व्हला गुंडाळते. गंजलेल्या पत्र्याची कड दोरी कापते, म्हणून वेढा गोल नळीसारख्या वस्तूला. आणि सगळ्यांत फसवी गोष्ट: वळणावर वेढा दिला नाही तर ताणलेली दोरी कोपरा कापून अशा फटीत जाऊन बसते, जिथून दोरी जाते पण माणूस जात नाही. स्वच्छ पाण्यात हे लक्षातही येत नाही. गढूळात तिच्यामागे येणारा थेट त्या फटीत अडकतो.

रील धरणारा आत पहिला जातो आणि बाहेर शेवटचा येतो. दिसेनासं झालं तर थांबा, दोन सावकाश श्वास घ्या, अंगठा आणि तर्जनी यांचं कडं करून त्यात दोरी ठेवा, दुसऱ्या हाताने बडीचा दंड धरा आणि बाहेरच्या दिशेने सरका. दोरी ओढायची नाही, तिच्यावर भार टाकायचा नाही. याचा सराव झाडांमध्ये किंवा घरातल्या टेबल-खुर्च्यांमध्ये सुतळी बांधून, डोळ्यांवर पट्टी बांधून करा. बघणाऱ्यांना गंमत वाटेल, वाटू द्या. वेढे कुठे चुकतात ते अशा सरावात फार लवकर कळतं.

दोरीचा इतका आग्रह का? फ्लोरिडाजवळ २००२ साली मुद्दाम बुडवलेलं 'स्पीगल ग्रोव्ह' हे जहाज डायव्हरांसाठीच तयार केलेलं होतं. २००७ मध्ये तिथे आत खोलवर गेलेले तीन डायव्हर मरण पावले. बाहेर पडण्यासाठी त्यांनी दोरी टाकली नव्हती. मुद्दाम बुडवलेल्या जहाजांमधून तारा, दारं, तेल काढून टाकतात आणि बाजूंना मोठी भोकं पाडतात, म्हणून ती शिकायला चांगली खरी. पण आतला अंधार आणि गाळ तिथेही तोच असतो.

सामानाकडे येऊ. रील सगळ्यात शेवटी, कोर्सच्या वेळी. आधी स्वतःचा डायव्ह कॉम्प्युटर. मग खाली असतानाच फुगवून वर सोडायचा लांब नारिंगी मार्कर आणि किमान ३० मीटर दोरीचा स्पूल, कारण जहाजावरून वर येताना बोटीची दोर सापडली नाही तर हाच आधार. तो सोडताना दोरी कधीही बोटाला किंवा मनगटाला गुंडाळू नका, आणि स्पूल अडकला तर सोडून द्या; धरून ठेवलात तर मार्कर तुम्हालाही वर खेचत नेतो. त्यानंतर कापायचं साधन. बुडालेल्या जहाजांवर मासे जमतात, म्हणून तिथे जाळी आणि गळाचे नायलॉनचे दोरे अडकलेले असतात, आणि ते पाण्यात जवळजवळ दिसत नाहीत. पायाला बांधलेला मोठा सुरा स्वतःच जाळ्यात अडकतो. छातीवर, दोन्ही हातांना पोहोचेल असा छोटा लाइन कटर आणि खिशात दवाखान्यात पट्ट्या कापतात तशी जाड कात्री, ही जोडी उत्तम. अडकलात तर गरकन वळू नका, वळल्याने दोरा आणखी गुंडाळतो. थांबा, थोडं मागे सरका, बडीला टॉर्चने खूण करा आणि त्याला कापू द्या.

टॉर्च दिवसाही लागतो. होल्डमध्ये डोकावायला अरुंद झोताचा, साधारण १,००० लुमेनचा एक आणि खिशात दुसरा छोटा. रुंद झोत गाळात आपल्याच डोळ्यांवर परततो. आत जाणाऱ्यांकडे तीन टॉर्च हवेत. गंजलेला पत्रा कापतो, म्हणून पूर्ण अंगाचा सूट आणि जिथे परवानगी असेल तिथे हातमोजे; धनुर्वाताची लस चालू आहे का तेही पाहून घ्या. जहाजावर हात टेकण्याआधी मात्र नीट बघा, गंजाच्याच रंगाचे स्कॉर्पियन फिश आणि स्टोन फिश तिथे बसलेले असतात आणि त्यांचे काटे विषारी असतात. गेज, ऑक्टोपस, सगळं अंगालगत अडकवा.

थोडा जास्त खर्च शक्य असेल तर ३ लिटरची वेगळी छोटी टाकी आणि तिचा स्वतःचा रेग्युलेटर. २०० बारला तिच्यात ६०० लिटर हवा असते. मघाच्या हिशेबातले १,२१५ लिटर दोघांचे होते, एकाला २५ मीटरवरून वर यायला त्याच्या निम्मे, म्हणजे साधारण ६०० लिटरच लागतात. ती बाहेरच्या डायव्हसाठीचा आधार आहे. तिच्या जोरावर आत जायचा परवाना मिळत नाही.

पहिलं जहाज म्हणून थिसलगॉर्मच हवं असं नाही. बालीमध्ये तुलाम्बेनला 'लिबर्टी' आहे. १९४२ मध्ये पाणतीराने जायबंदी झालेलं हे जहाज किनाऱ्यावर आणून टेकवलं होतं, १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते पाण्यात ढकललं गेलं. किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचं, ५ मीटरपासून जहाज सुरू होतं आणि ३० च्या आसपास संपतं. तुमच्या आजच्या प्रमाणपत्रातही त्याचा बराच भाग पाहता येतो. सायप्रसमध्ये लार्नाकाजवळ १९८० साली बुडालेली 'झेनोबिया' ही मालवाहू फेरी डाव्या कुशीवर पडली आहे: वरची बाजू १६-१७ मीटरवर, तळ ४२ वर. तिच्या वरच्या अंगाने फिरताना एक गोष्ट पक्की कळते. आडव्या पडलेल्या जहाजात जमीन भिंत होते, भिंत छत होते, जिने बाजूला लोंबतात, आणि बाहेरून पाहतानाही डोकं गरगरतं. आत काय होईल त्याचा अंदाज तिथेच येतो. ऑस्ट्रेलियातल्या १९११ साली बुडालेल्या 'योंगाला'वर आत जायला मनाईच आहे, तरी जगभरचे डायव्हर तिथे जातात. स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लोला बुडालेला जर्मन युद्धनौकांचा ताफा मात्र बराच नंतर. थंड पाणी, जास्त खोली.

कुठेही गेलात तरी उतरण्याआधी बोटीवर हे विचारा: प्रवाह कुठल्या दिशेने, बोटीची दोर जहाजाच्या कुठल्या भागाला बांधली आहे, जहाज कुठल्या कुशीवर आहे, वरचा आणि खालचा भाग किती मीटरवर. जुना नकाशा मिळाला तर पाटीवर चार रेघांत उतरवा: नाळ (पुढचं टोक) कुठे, होल्ड कुठे, ब्रिज (जहाज चालवायची जागा) कुठे, मागचा पंखा कुठे. दोर धरूनच उतरा, कान प्रत्येक मीटरला मोकळे करा. दोर जिथे बांधली आहे तिथे पोहोचलात की मागे वळून ती जागा नीट पाहा. परत येताना ती याच बाजूने दिसणार आहे. सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करा. मग अर्ध्या वाटेत दमलात तरी पाणीच तुम्हाला दोरीकडे आणतं. प्रवाहाबरोबर सुरुवात केलेले डायव्हर परत येताना जोर लावून पोहतात आणि ठरवलेल्या १०० बारमधलीच हवा त्यात जाते. वर जायची वेळ बारवर ठरते, किती पाहून झालं यावर नाही. आणि एकाने अंगठा वर केला की दोघंही वर, कारण विचारायचं ते बोटीवर.

काही उचलायचं नाही, एक बटणसुद्धा. थिसलगॉर्मवर नऊ माणसं गेली, आणि अशी कितीतरी जहाजं म्हणजे कबरी आहेत. १०० वर्षांहून जास्त काळ पाण्याखाली असलेल्या अवशेषांसाठी युनेस्कोचा २००१ चा करार आहे, ब्रिटनमध्ये लष्करी अवशेषांसाठी १९८६ चा कायदा आहे, इतर अनेक देशांचे स्वतःचे कायदे आहेत. होल्डमधले गोळे, काडतुसं यांना तर हातही लावू नका. इतक्या वर्षांनीही ती जिवंत असू शकतात. मोटरसायकलच्या सीटवर बसून फोटो काढणं म्हणजे गंजलेली नळी मोडणं, आणि ती पुन्हा जोडता येत नाही.

तुमच्या प्रवासाचा क्रम मग असा लावा. पुढचे दोन-तीन महिने तरंगणं, हवेची मोजणी आणि ॲडव्हान्स्ड कोर्स. त्यात रात्रीचा एक डायव्ह असू द्या, धास्तीचं उत्तर तिथे मिळेल. मार्कर सोडण्याचा सराव उथळ पाण्यात इतका करा की तो १५ मीटरवर तरंगत, खोली न सोडता जमेल. बोटीवर पोहोचलात की पहिला डायव्ह जहाजावर नको, एखाद्या सोप्या प्रवाळावर घ्या आणि वजन तपासून घ्या. बहुतेक बोटी तसं करतातच, नसेल तर मागून घ्या. आत जाणाऱ्या मित्रांना सांगा की तुम्ही बाहेर राहणार आहात, आणि तुमच्यासोबत बाहेर राहणारा बडी आधीच ठरवा, कारण सगळे आत गेले आणि तुम्ही एकटे बाहेर उरलात तर तोही धोकाच. असा बडी मिळत नसेल तर बोटीवाल्यांकडे वेगळा गाईड मागा. तोही नसेल तर तो एक डायव्ह सोडा. परतीचं विमान शेवटच्या डायव्हनंतर किमान १८ तासांनी सुटेल असं तिकीट आत्ताच काढा. शेवटच्या दिवशीचा डायव्ह सोडावा लागला तर जे वाईट वाटतं, ते तारीख नीट निवडली की टळतं.